घड्याळ मशीनवर नव्हतं: पक्ष फुटतो तेव्हा मतदाराने काय तपासायचं

सातारा लोकसभा मतदारसंघातल्या मतदाराने पाच वर्षांत काय काय पाहिलं, ते आधी ओळीने मांडू. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत उदयनराजे भोसले राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि ते भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेबरोबरच तिथे पोटनिवडणूक लागली. सातारकरांनी घड्याळावर उभ्या राहिलेल्या श्रीनिवास पाटलांना ८७ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून दिलं. पक्ष सोडणाऱ्याला मतदारांनी स्पष्ट नकार दिला, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला.

मग २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीच फुटली. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं, आणि शरद पवारांच्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं, तुतारी वाजवणारा माणूस. महायुतीच्या जागावाटपात साताऱ्याची जागा भाजपकडे गेली. म्हणजे २०२४ ला वर्षानुवर्षं घड्याळाचं बटण दाबणारा मतदार मतदान यंत्रापुढे उभा राहिला, तेव्हा यंत्रावर घड्याळच नव्हतं. कमळ होतं, त्यावर उदयनराजे. तुतारी वाजवणारा माणूस होता, त्यावर शशिकांत शिंदे. आणि खाली अपक्षांच्या रांगेत आणखी एक चिन्ह होतं, त्याचंही मराठी नाव तुतारीच. उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले. त्या अपक्षाला मिळाली ३७,०६२ मतं.

या अपक्षाची किती मतं चुकून गेली आणि किती जाणूनबुजून, हे मतपेटी सांगत नाही. पण मतदाराची निष्ठा, पक्षाचं नाव, चिन्ह, उमेदवार आणि आघाडी या पाच गोष्टी पाच दिशांना जाऊ शकतात, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं. हा लेख त्या मतदारासाठी आहे जो कुणाचा कार्यकर्ता नाही, कुणाचा लाभार्थी नाही, टोकाच्या घोषणा ज्याला मानवत नाहीत आणि जो पंधरा-वीस वर्षं एकाच पक्षाला मत देत आला आहे. आता त्याला प्रश्न पडलाय, हा माझाच पक्ष आहे का? या प्रश्नाचं उत्तर भावनेने शोधायला गेलं की माणूस गोल गोल फिरत राहतो. ते शोधायची रीत आहे, आणि त्यासाठी आधी कायदा ‘पक्ष’ कशाला म्हणतो ते समजून घ्यायला हवं.

एका शब्दात तीन पक्ष

पहिला पक्ष म्हणजे संघटना. अध्यक्ष, कार्यकारिणी, घटना, सदस्य, शाखा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली तिची आयोगाकडे नोंदणी होते. दुसरा म्हणजे विधिमंडळ पक्ष, म्हणजे त्या पक्षाचे सभागृहात निवडून आलेले आमदार किंवा खासदार. त्यांचा एक नेता असतो आणि एक प्रतोद असतो, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश सदस्यांना बजावणारा. तिसरी गोष्ट म्हणजे चिन्ह. चिन्ह पक्षाच्या मालकीचं नसतं, १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली आयोग ते पक्षाला वापरायला देतो.

सगळं सुरळीत असतं तेव्हा हे तिन्ही एकच वाटतात. भांडण लागलं की प्रत्येकाचा पंच वेगळा निघतो. चिन्ह आणि नाव कुणाचं, हे आयोग ठरवतो. कुठला आमदार अपात्र, हे विधानसभेचा अध्यक्ष ठरवतो. दोघांच्याही निर्णयावर न्यायालयात जाता येतं. या तिन्ही ठिकाणी मतदाराला खुर्ची नाही. तो पक्षकारही नाही आणि साक्षीदारही नाही.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेला. त्याआधी १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने इतक्या झपाट्याने पक्ष बदलले की ‘आयाराम गयाराम’ हा शब्दच रूढ झाला. कायदा म्हणतो, सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, तर सदस्यत्व जातं. मात्र पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचतं. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानून त्यांना संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. उरली ती विलीनीकरणाची वाट, त्यासाठी दोन तृतीयांश लागतात.

ही दोन तृतीयांशांची आकडेमोड गोव्यात अगदी लख्ख दिसली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर दहा. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ११ निवडून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले ८ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर जातात, म्हणून आठ. शपथेचा काही उपयोग झाला नाही, गणित मात्र दोन्ही वेळा चोख जुळलं. ज्यांनी हाताला मत दिलं होतं, त्यांना पुढची निवडणूक येईपर्यंत करण्यासारखं काही राहिलं नाही.

महाराष्ट्रातलं प्रकरण याहून गुंतागुंतीचं झालं, कारण इथे बाहेर पडणाऱ्यांनी विलीनीकरणाचा दावा केलाच नाही. ते म्हणाले, आम्ही कुठे गेलोच नाही, आम्हीच पक्ष आहोत. त्यामुळे प्रश्न ‘किती जण फुटले’ यावरून ‘मूळ पक्ष कोण’ यावर आला.

तुमचं मत कुणाच्या खात्यात मोजलं गेलं

मूळ पक्ष कोण हे ठरवायला चिन्ह आदेशाचा परिच्छेद १५ आहे. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, जगजीवन राम एका बाजूला आणि निजलिंगप्पा दुसऱ्या बाजूला. बैलजोडी कुणाची यावर वाद झाला. १९७१ च्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची पद्धत मान्य केली. तेव्हापासून तीन कसोट्या लावल्या जातात. पक्षाची ध्येयधोरणं कोण पाळतंय, पक्षाची घटना कोण पाळतंय, आणि बहुमत कुणाकडे, संघटनेत आणि सभागृहात.

शिवसेनेच्या प्रकरणात १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात आयोगाने पहिल्या दोन कसोट्यांवर निकाल लागू शकत नाही असं मानलं आणि सभागृहातल्या बहुमताला वजन दिलं. तिथे एक हिशेब आहे, तो प्रत्येक मतदाराने एकदा नीट वाचावा. २०१९ ला धनुष्यबाणावर जिंकलेल्या ५५ आमदारांना मिळून ४७,८२,४४० मतं पडली होती. एकनाथ शिंदेंबरोबर गेलेल्या ४० आमदारांच्या वाट्याची मतं होती ३६,५७,३२७, म्हणजे सुमारे ७६ टक्के. पण शिवसेनेच्या हरलेल्या उमेदवारांचीही मतं धरली, तर २०१९ ला पक्षाला एकूण ९०,४९,७८९ मतं होती. त्या तुलनेत ही ४० आमदारांची मतं ४० टक्क्यांच्या आसपास येतात.

याचा अर्थ असा. तुम्ही २०१९ ला धनुष्यबाणाचं बटण बाळासाहेबांसाठी दाबलं असेल, उद्धव ठाकऱ्यांसाठी दाबलं असेल, युती आहे म्हणून दाबलं असेल किंवा शाखाप्रमुखाने दवाखान्यात खाट मिळवून दिली म्हणून दाबलं असेल. तुमचा आमदार जिकडे गेला, तिकडे तुमचं मत मोजलं गेलं. आणि तुमचा उमेदवार हरला असेल, तर ७६ टक्क्यांच्या हिशेबात तुमचं मत कुठेच नाही. अशी ४२ लाखांहून अधिक मतं आहेत. हे कुणी बेकायदा केलं असं माझं म्हणणं नाही, पद्धतच तशी आहे. पण ‘मतदारांनी आम्हाला कौल दिलाय’ हे वाक्य कुठल्याही बाजूने कानावर आलं, की हा हिशेब आठवावा.

पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्षादेश काढण्याचा आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असं सांगितलं. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, असंही म्हटलं. मात्र उद्धव ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता आधीच राजीनामा दिल्याने ते सरकार परत आणता येत नाही, असं ठरलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला, शिंदेंचा गट हाच खरा पक्ष ठरला आणि दोन्हीकडचं कुणीच अपात्र झालं नाही. जून २०२२ मध्ये फूट पडली, निर्णय आला दीड वर्षाने, आणि त्यानंतर दहा महिन्यांत विधानसभेची मुदतच संपत आली. या कायद्याचं सगळ्यात दुबळं अंग हेच आहे. अध्यक्षाने किती दिवसांत निर्णय द्यायचा, हे दहाव्या परिशिष्टात, म्हणजे राज्यघटनेतल्या या पक्षांतरबंदी कायद्यात, लिहिलेलंच नाही. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिने हा काळ सुचवला होता.

तेव्हा पक्ष फुटला की ‘न्यायालय काय ते ठरवेल’ म्हणून मतदाराने थांबण्यात अर्थ नाही. न्यायालय ठरवतं ते नावाचं, चिन्हाचं आणि खुर्चीचं. तुमचा विश्वास कुठे ठेवायचा, हे त्या निकालात नसतं.

कागद घ्या

साधी वही चालेल. गेल्या पाच निवडणुका उलट्या क्रमाने लिहा. लोकसभा, विधानसभा, महापालिका किंवा जिल्हा परिषद, जे असेल ते. प्रत्येकीसमोर मत कुणाला दिलं आणि का दिलं, हे एकाच ओळीत लिहा. पक्षाचं नाव हे कारण म्हणून लिहायचं नाही. ‘मी काँग्रेसवाला आहे’ हे कारण नव्हे. ‘रोजगार हमीची कामं वेळेवर निघायची’ हे कारण. ‘हा माणूस गावात असतो’ हे कारण. ‘समोरचा येऊ नये’ हेही कारण, आणि बहुतेकांच्या वहीत ते तीनदा तरी निघतं, त्यात वाईट वाटून घेऊ नये.

पाच ओळी झाल्या की एक गोष्ट दिसते. निष्ठा म्हणून आपण जे एकसंध समजत होतो, ते प्रत्यक्षात तीन-चार वेगळ्या धाग्यांचं असतं. एक धागा विचारांचा, एक नेत्याचा, एक स्थानिक माणसाचा, एक विरोधाचा. पक्ष बदलतो तेव्हा हे धागे एकाच बाजूला जात नाहीत. नेता एका गटात, नगरसेवक दुसऱ्या गटात, आणि ज्या विचारासाठी मत देत होतो तो दोन्हीकडून अर्धा अर्धा सुटलेला. मन जे ओढल्यासारखं होतं, ते यामुळे. तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. खरोखरच ओढ दोन बाजूंना आहे.

आता यातला सर्वांत जाड धागा कुठला, ते ठरवा. इथे बहुतेकांची गल्लत होते. आत्ता कुणाचा राग आलाय, त्यावरून जुनी कारणं बदलून लिहिली जातात. राग ताजा असतो आणि आठवण जुनी. म्हणून लिहिताना आजच्या बातम्या बाजूला ठेवाव्यात, आणि शक्य तर घरातल्या दुसऱ्या मतदाराला विचारावं, ‘तेव्हा मी काय म्हणत होतो?’ नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-भाऊ एकमेकांचे जुने हट्ट बरोबर लक्षात ठेवतात.

पक्ष खरंच बदलला का, आणि किती

सगळे पक्ष बदलतात, आणि प्रत्येक बदल म्हणजे दगा नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी झाली, तेव्हा तिच्या किमान समान कार्यक्रमाच्या प्रास्ताविकात ‘धर्मनिरपेक्ष’ मूल्यांशी बांधिलकीचा उल्लेख आला, आणि त्या कागदात शिवसेना सहभागी होती. शिवसेनेच्या काही मतदारांना तो पक्ष आपल्यापासून दूर गेल्यासारखा वाटला, काहींना प्रथमच जवळ आल्यासारखा. दोघेही धनुष्यबाणाचेच मतदार. बदल मोजताना ‘पक्ष बिघडला’ असं न म्हणता ‘माझ्या जाड धाग्याच्या बाबतीत पक्ष कुठे सरकला’ असं विचारायला हवं.

मोजायचं कसं? तुम्हाला खरोखर महत्त्वाचे असलेले तीन विषय निवडा, दहा नकोत. समजा शेतमालाचा भाव, शाळा आणि सामाजिक सलोखा. पक्षाचे दोन जाहीरनामे शेजारी शेजारी ठेवा, एक दहा वर्षांपूर्वीचा आणि एक ताजा. त्यात फक्त हे तीन विषय शोधा. कुठला शब्द गळला, कुठला नवा आला, कुठे आकडा होता तिथे आता विशेषण आलंय, ते पाहा. आकड्याच्या जागी विशेषण आलं की ते आश्वासन पातळ झालं असं समजायला हरकत नाही. जाहीरनामा न्यायालयात पक्षाला बांधून ठेवत नाही, पण पक्षाला आपण कोण आहोत हे दाखवायचं असतं तेव्हाचा तो कागद आहे, म्हणून उपयोगाचा.

त्यानंतर सभागृहातली वागणूक. सभेतलं भाषण मोजू नका. त्या विषयावरचं विधेयक आलं तेव्हा पक्ष बाजूने उभा राहिला, विरोधात गेला की सभात्याग केला, हे पाहा. संसदेतले प्रश्न, उत्तरं आणि चर्चा संकेतस्थळांवर खुल्या आहेत, विधानमंडळाचीही बरीच माहिती मिळते. सभात्याग हा मध्यममार्गी मतदाराला सर्वांत जास्त फसवणारा प्रकार आहे. विरोध केल्यासारखा दिसतो, आणि विधेयक मंजूर व्हायला अडथळाही होत नाही.

तिसरी खूण म्हणजे तिकीटवाटप, आणि माझ्या मते सगळ्यांत खरी. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे एबी फॉर्मवर ठरतं. ए फॉर्मने पक्ष सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याला अधिकार देतो, आणि बी फॉर्मवर त्या पदाधिकाऱ्याच्या सहीने उमेदवाराचं नाव येतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे कागद पोचावे लागतात. म्हणून शेवटच्या रात्री फॉर्म कुणाच्या हातात पडला याच्या बातम्या येतात. तुमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या मतदारसंघांची यादी करा आणि पक्षाने ज्यांना एबी फॉर्म दिला, त्यातले किती जण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षात होते ते मोजा. एखाद-दुसरा सगळीकडे असतो. निम्मे निघाले, तर पक्षाच्या पाटीखाली दुकान नवं आहे.

या तिन्ही खुणांवर माझी मोजपट्टी अशी. तीनपैकी दोन विषयांत पक्ष सरकला आणि का सरकला हे त्याने उघडपणे सांगितलं, तर एक निवडणूक संधी द्यावी. सांगितलंच नाही, जणू काही झालंच नाही असं वागला, तर जुन्या मताचं देणं फिटलं.

आघाडीमुळे मात्र एक वेगळीच अडचण येते. पक्ष बदललेला नसतो, पण तुमच्या मतदारसंघात तो नसतोच. २०२४ ला सांगलीत आघाडीने जागा ठाकरे गटाला दिली, त्यामुळे काँग्रेसच्या जुन्या गडात हाताचा पंजा यंत्रावर नव्हता. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा, आणि निवडून आले. सांगलीकरांनी तिथे चिन्ह सोडून माणूस धरला. पण हे जमलं कारण उमेदवार घराघरात माहीत होता. अनोळखी बंडखोराच्या मागे असं मत गेलं की बहुतेकदा ते फक्त समोरच्याला जिंकायला मदत करतं.

शपथपत्र वाचणं

पक्षावरून मन उडालं की उमेदवार जास्त महत्त्वाचा होतो. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र देतो. आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. वरच्याच भागात पक्षाचं नाव आणि किती प्रकरणं प्रलंबित आहेत ते असतं. पुढे आयकर विवरणातलं पाच वर्षांचं उत्पन्न, जोडीदाराचं आणि अवलंबितांचंही, मग जंगम आणि स्थावर मालमत्ता, कर्ज, शिक्षण. रकाना मोकळा ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं, नाहीतर अर्ज बाद होऊ शकतो.

पक्ष बदललेल्या उमेदवाराची दोन शपथपत्रं काढा, जुन्या पक्षातलं आणि नव्या पक्षातलं. प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यात कुठली प्रकरणं गळली, कुठली नवी आली. देणी कमी झाली की वाढली. यावरून थेट निष्कर्ष काढू नये, जमिनीचे बाजारभाव वाढले तरी मालमत्ता फुगते. पण प्रचाराला उमेदवार दारात आला की विचारायला तुमच्या हातात नेमका प्रश्न असतो. गुन्हेगारी प्रकरणं असलेल्या उमेदवाराला ती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावी लागतात. आणि त्यालाच का निवडलं, याची कारणं पक्षालाही जाहीर करावी लागतात, हा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. ती कारणं वाचा. ‘लोकप्रिय आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर तेही पक्षाबद्दल बरंच सांगतं.

मतदान केंद्रात

यंत्रावरचा क्रम मनात पक्का ठेवा. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात नावं आद्याक्षरांप्रमाणे. शेजारी उमेदवाराचा फोटो असतो. एका यंत्रावर नोटा, म्हणजे ‘यापैकी कुणीही नाही’ हे बटण, धरून सोळा बटणं असतात, उमेदवार जास्त असले की दुसरं यंत्र जोडलं जातं. त्यामुळे तुमचा उमेदवार पहिल्यावर दिसला नाही तर घाबरून जवळचं बटण दाबू नका. पक्ष फुटलेल्या मतदारसंघात चिन्ह शोधू नका, आधी नाव शोधा, मग फोटो, मग चिन्ह. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. घरातल्या वयस्कर माणसांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. चाळीस वर्षं एकच चिन्ह पाहिलेल्या बोटाला नवं चिन्ह सवयीचं व्हायला वेळ लागतो.

नोटाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं, तोच जिंकतो. नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, निकालावर परिणाम शून्य. मुंबई वायव्यमध्ये २०२४ ला दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोरासमोर होते. रवींद्र वायकर, जे महिना-दोन महिन्यांपूर्वी ठाकरे गटातून शिंदेंकडे आले होते, आणि अमोल कीर्तिकर, ज्यांचे वडील गजानन कीर्तिकर शिंदे गटाचे खासदार होते. एकाच घरात दोन गट, एकाच मतदाराला दोन शिवसेना. निकाल लागला ४८ मतांनी, आणि नोटाला पंधरा हजारांहून अधिक मतं होती. दोघेही नकोत असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर नोटा हा तुमचा हक्क आहे. पण दोघांतला एक थोडा तरी बरा वाटत असेल, तर नोटाने ते मत कुठेच पोचत नाही, हे माहीत असू द्या.

आणि घरी बसणं नोटापेक्षाही वाईट. याला कारण आहे. निकालानंतर नमुना २० जाहीर होतो, त्यात केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची आणि नोटाची मतं असतात. पक्षाचे बूथप्रमुख हा कागद अक्षर न् अक्षर वाचतात. तुमच्या केंद्रावर ज्या पक्षाला मागच्या वेळी ४१० मतं होती आणि या वेळी २६० पडली, तर ते दीडशे कुठे गेले हे शोधायला माणूस येतो. मतं दुसरीकडे वळलेली दिसली तर तो का ते विचारतो. मतदानच कमी झालेलं दिसलं तर ‘ऊन होतं’ म्हणून सोडून देतो.

पक्षात राहून पक्ष वळवायचा असेल, तर तीही वाट आहे, पण ती मतदाराची नाही, सदस्याची. त्यासाठी सदस्यत्व घ्यावं लागतं, पक्षाची घटना मागून वाचावी लागते आणि अंतर्गत निवडणुका होतात का ते पाहावं लागतं. मान्यता टिकवण्यासाठी पक्ष का इतका झगडतो, हेही तिथे कळतं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक लागतो, बाकीच्यांना दहा. स्टार प्रचारक चाळीस नेमता येतात, मान्यता नसेल तर वीस. फुटलेल्या प्रत्येक गटाला मूळ नाव हवं असतं, त्यामागे भावना आहेच, पण ही सोयसुद्धा आहे.

निष्ठा तपासायला सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी महापालिकेच्या निवडणुकीचं नाव घेईन. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत प्रभागात एकापेक्षा जास्त जागा असतात, अ, ब, क, ड अशा. तुम्हाला प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं असतं आणि सगळ्या जागांचं मत दिल्याशिवाय प्रक्रिया पूर्ण होत नाही. पक्षाचे लोक सांगतात, ‘चारही आपलेच’. तसं बंधन कुठेच नाही. अ मध्ये जुना पक्ष, ब मध्ये ज्याने पाण्याची लाइन टाकून घेतली ती बाई, क मध्ये नवा मुलगा, ड मध्ये कुणीच पटत नसेल तर नोटा. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटा पहिला आला, तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक होते, म्हणजे इथे त्या बटणाला वजन आहे. मतदानाला जाताना चार नावं चिठ्ठीवर लिहून पाठ करा आणि चिठ्ठी घरीच ठेवा. आत गेल्यावर अ पासून सुरू करा, घाई करू नका.